आधी प्रेम की आधी पश्चात्ताप? रमाबाईंनी पाहिलेलं फुलहॅम आणि उधळ्या पुत्राचा बाप

पाणवठा (धागाकर्ती)

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदासदनावरून केसरीत पेटलेला वाद, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांनी काढून घेतलेलं अंग, हे सगळं आपण ऐकत आलो. पण त्यांना ख्रिस्ताकडे ओढलं कशाने, याबद्दल त्यांनी स्वतः १९०७ साली जे लिहून ठेवलं, त्यावर बोलताना फार कोणी दिसत नाही. या धाग्यावर त्याबद्दल बोलावं अशी इच्छा आहे. मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढले. हा विषय माझ्या रोजच्या प्रार्थनेतला आहे, तेव्हा जरा पोटतिडकीने लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टरांकडे (ख्रिस्ती धर्मभगिनींकडे) राहिल्या. वय पंचवीस. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात अन्नावाचून गेलेली, भाऊही वारलेला, नवरा दोन वर्षांच्या आत पटकीने गेलेला, पदरी लहानगी मनोरमा. सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला आपलं एक काम बघायला पाठवलं. ज्या बायकांचं 'पाऊल घसरलं' म्हणून जगाने दारं लावून घेतली, त्यांच्यासाठी तिथे घर होतं. कधी काळी त्या घरात आसरा घेतलेल्या काही बायका आता आजारी आणि दुबळ्या माणसांची सेवा करत होत्या. रमाबाई त्यांना भेटल्या. शास्त्रं मुखोद्गत असलेली ही बाई तिथे थांबून विचारात पडली. त्यांनी वाचलेल्या धर्मशास्त्रात अशा स्त्रीसाठी दंड होता, दया नव्हती. त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या सिस्टरला विचारलं, तुम्ही लोक या बायकांसाठी एवढं का करता? सिस्टरने वाद घातला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा (बायबलातल्या येशूच्या चरित्रकथेचा) चौथा अध्याय वाचून दाखवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. येशू शोमरोनातून चाललाय, दमलाय, भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला भांडं लावत नसे. हा तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तीच चकित होते. मग बोलणं वाढत जातं आणि तिच्या आयुष्यातले पाच नवरे, आत्ता ज्याच्यासोबत राहते तो नवरा नसलेला माणूस, सगळं निघतं. तो ते जाणून आहे. तरी तिला उठवून लावत नाही. उपासना डोंगरावर करायची की यरुशलेमेत, हा धर्मातला सगळ्यात अवघड प्रश्न तो तिच्याशी बोलतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात 'मीच तो ख्रिस्त' हे सर्वांत आधी उघडपणे सांगतो ते या बाईला. ती घागर तिथेच टाकून गावात पळते.

हा अध्याय वाचल्यावर आपल्याला ख्रिस्त हाच तारणारा आहे हे कळलं, असं रमाबाई सांगतात. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता माझा मुद्दा. आपण सगळेच, ख्रिस्ती घरातलेही, असं धरून चालतो की माणसाने आधी पश्चात्ताप करायचा, सुधारायचं, मग देव जवळ करतो. पण शुभवर्तमानातल्या गोष्टी बघितल्या तर क्रम उलटा दिसतो. विहिरीवर पाणी आधी मागितलं, पाच नवऱ्यांचा विषय नंतर. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला उंबराच्या झाडावरून खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मुक्काम तुझ्या घरी. तोवर जक्कयने एक शब्दही कबूल केलेला नाही. येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन परदेशी उडवतो आणि कंगाल होऊन घरी परततो. त्या उधळ्या पुत्राचा बाप तर पोरगा दूर असतानाच त्याला पाहतो, कळवळतो आणि धावत सुटतो. पोराने डुकरांच्या कळपाजवळ बसून भाषण पाठ केलं होतं: मी पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला चाकरांत ठेवा. लूकचा पंधरावा अध्याय नीट वाचा. 'मला चाकरांत ठेवा' हे वाक्य बाप त्याला उच्चारूच देत नाही. त्याआधीच झगा, अंगठी, जोडे मागवतो.

प्रेम आधी येतं आणि पश्चात्ताप त्यातून उगवतो, असं मला वाटतं. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधातलीही.

चंद्रभागा

राम कृष्ण हरी. ताई, लेख मनापासून वाचला. पण एक सांगावंसं वाटतं. पतितपावन हे तर आमच्या पांडुरंगाचं ब्रीद आहे. मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेच्या पोटी जन्मली. तिला विठ्ठलाने पायाशी घेतलं आणि तिची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या आवारात आहे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. मग 'दंड होता, दया नव्हती' हे रमाबाईंचं म्हणणं सबंध परंपरेला लागू कसं करायचं?

पाणवठा

@चंद्रभागा, काका, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. रमाबाई धर्मशास्त्राबद्दल बोलत होत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृत पंडित, सगळं कुटुंब गावोगाव पुराणं सांगत हिंडलं. संतांचा रस्ता वेगळा आणि तो दयेचाच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. मलाही तो पूल प्रिय आहे.

पण फुलहॅममध्ये रमाबाईंना जे टोचलं ते मला वेगळं वाटतं. कान्होपात्रेला देवाने जवळ केलं. तिच्यासारख्या बाकीच्या बायकांसाठी गावात घर कोणी उघडलं? देवाची करुणा माणसाच्या हातात उतरली की नाही, हे त्या बघत होत्या. पुढे केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभारलं, त्यात फसवल्या गेलेल्या आणि टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपासदन काढलं. फुलहॅममध्ये जे पाहिलं, ते दौंडच्या त्या माळावर आलं.

चंद्रभागा

हे मात्र खरं बोललात. देवळात समाधी आणि गावात वाळीत, असं आमच्याकडे फार झालंय.

प्रश्नचिन्ह

मी नास्तिक आहे, पण प्रश्न मनापासून विचारतोय. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप सरळ माफ करतो. बळी नाही, दंड नाही, कोणाचं रक्त नाही. मग ख्रिस्ती लोक म्हणतात की पापाची खंडणी भरायला येशूला वधस्तंभावर मरावं लागलं. बाप जर असाच माफ करू शकत होता तर वधस्तंभ कशाला? तुमच्याच दोन गोष्टींत मेळ बसत नाही.

वसईवाला

@प्रश्नचिन्ह, हा प्रश्न आमच्या चर्चमध्येही शतकानुशतकं चाललाय, तेव्हा तुम्ही एकटे नाही. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने अकराव्या शतकाच्या अखेरीस मांडलं की पापाने देवाचा मान भंग होतो, ती भरपाई माणसाला झेपत नाही, म्हणून देवच माणूस होऊन ती करतो. पुढच्याच पिढीत पॅरिसचा अबेलार्ड म्हणाला, क्रुसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन वितळतं आणि ते बदलणं हेच तारण. पहिल्या काही शतकांतल्या धर्मपित्यांचा जोर वेगळा होता: ख्रिस्ताने मरणावर आणि सैतानावर विजय मिळवून बंदिवानांना सोडवलं. आणि गंमत नाही, खरं सांगतो, निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या जुन्या श्रद्धाकबुलीत, 'आमच्या तारणासाठी' एवढंच आहे. कसं, ते सांगितलेलं नाही. चर्चने एकाच स्पष्टीकरणाची सक्ती सगळ्यांवर केली नाही.

मी कॅथलिक आहे, क्रुसाकडे बघत मोठा झालो. मला अँसेल्मची हिशेबाची भाषा कधी जवळची वाटली नाही. पण त्याचा एक भाग सोडताही येत नाही: क्षमा फुकट पडत नाही, कोणीतरी ती सोसतो.

पाणवठा

@प्रश्नचिन्ह, वसईवाल्यांनी जिथे सोडलं तिथून पुढे. बाप 'असाच' माफ करतो, हे मला गोष्टीत दिसत नाही. बापाच्या हयातीत वाटणी मागणं म्हणजे त्या काळात काय होतं, हे आपल्याला, जमिनीच्या वाटण्या बघितलेल्या मराठी माणसांना, समजावून सांगायला नको. मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा. म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. तो त्याने विकून उडवला. आता घरात जे उरलंय ते सगळं थोरल्याच्या नावावर जाणार आहे, बाप त्याला तसं म्हणतोही. म्हणजे जे पुष्ट वासरू कापलं, जो झगा दिला, ते उरलेल्या घरातून गेलं. आणि बापाने गावासमोर आपली अब्रू सोडली ती वेगळीच. थोरला आत यायला तयार नाही, तेव्हा पाहुणे सोडून बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. दोन्ही मुलांसाठी घराबाहेर पडणारा बाप आहे तो.

सोसणं त्या गोष्टीत आहेच. ते बापाने पोराच्या अंगावर न टाकता स्वतःवर घेतलंय. मला वधस्तंभ असा दिसतो. कोणा रागावलेल्या देवाला शांत करायला तिसऱ्याच कोणाचा बळी दिला, असं जर कोणी सांगत असेल तर मीही तुमच्यासारखाच प्रश्न विचारीन. तिथे सोसणारा स्वतः देव आहे.

प्रश्नचिन्ह

पटलं असं म्हणणार नाही, पण थोरल्याच्या वाट्याचा मुद्दा कधी ऐकला नव्हता. परत वाचतो.

रानजाई

मी बरेच दिवस फक्त वाचत असते, आज लिहिते आहे. हे सगळं ऐकायला छान आहे. पण 'आधी प्रेम, मग पश्चात्ताप' हे वाक्य आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) माझ्याविरुद्ध वापरलं गेलंय. नवरा पितो, हात उचलतो. पाळकांनी मला सांगितलं, प्रभूने सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायला सांगितलंय, घरी जा, तुझ्या प्रेमाने तो बदलेल. मी गेले. काय झालं ते इथे लिहीत नाही. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप श्रीमंत आहे, घर त्याचं आहे, सत्ता त्याची आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने क्षमा कशातून करायची?

पाणवठा

@रानजाई, ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते शुभवर्तमान नाही. हे मी ठामपणे म्हणते.

सत्तर वेळा सात हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात, त्याच्या थोडं वर, येशू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला जाऊन त्याचा दोष दाखव. नाही ऐकलं तर दोन-तीन साक्षीदार ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. मंडळीचंही नाही ऐकलं तर तो तुला परक्यासारखा होवो. पाळकांनी ओळी वाचताना वरचा भाग गाळला. लूकच्या सतराव्या अध्यायातही आधी 'त्याला धमकाव' आहे, मग पश्चात्ताप केला तर क्षमा.

आणि जक्कय. मी वर त्याची गोष्ट अर्धीच सांगितली. येशू त्याच्या घरी गेल्यावर तो उभा राहून म्हणतो, माझं अर्धं धन गरिबांना, आणि ज्याला मी नाडलं त्याला चौपट परत. मेंढरू चोरणाऱ्याला चौपट भरपाई, असं बायबलातल्या निर्गम या पुस्तकात आहे. तो तोच दंड स्वतःला लावून घेतो. या घराला तारण प्राप्त झालं, असं येशू म्हणतो ते त्यानंतर. प्रेम आधी आलं, हो. पण ते आल्यावर नाडलेल्या माणसांना त्यांचा पैसा परत मिळाला. ज्या प्रेमातून पीडलेल्याच्या हाती काहीच येत नाही ते जक्कयच्या घरचं प्रेम नव्हे.

तुम्ही त्या घरात परत जाणं हा क्षमेचा भाग नाही. तुम्ही सुरक्षित राहणं आधी.

वसईवाला

@रानजाई, ताईंशी सहमत. आमच्याकडे पापनिवेदनात फादर पापमुक्ती देतात आणि प्रायश्चित्त सांगतात, पण चोरलेलं परत करायची, केलेलं नुकसान भरून द्यायची जबाबदारी पापमुक्तीने सुटत नाही. ही चर्चची जुनी शिकवण आहे. लोक सोयीने विसरतात. मारहाण होत असेल तर १८१ वर फोन करा, महिला हेल्पलाइन आहे. आत्ता ते पहिलं.

माळव्यातला मराठी

इंदूरहून लिहितोय. इथली एक खरी घटना सांगावीशी वाटते, कारण या धाग्यात ती यायलाच हवी.

सिस्टर रानी मारिया या केरळच्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करत. भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या हातातून सोडवण्यासाठी त्यांना संघटित करत. ते काही लोकांना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समंदरसिंह नावाच्या तरुणाने त्यांना सुऱ्याने भोसकून मारलं. पन्नासहून जास्त जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली.

त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टर. २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास त्या तुरुंगात गेल्या आणि समंदरसिंहाच्या हाताला राखी बांधली. नंतर आईनेही त्याला भेटून क्षमा केली. कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये सिस्टर रानी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, तेव्हा तो तिथे हजर होता. तो त्यांच्या कबरीवर जात असतो. पश्चात्ताप त्याने बोलून दाखवला आहे. पण राखी बांधली तेव्हा सेल्मींना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं. पाणवठाताईंचा क्रम मला तिथे दिसतो.

रानजाई

@माळव्यातला मराठी, ही घटना मी ऐकली होती, आज पूर्ण कळली. वाचून रडले. पण मला त्यात जे दिसलं ते सांगते. सेल्मी सात वर्षांनी गेल्या. तो तुरुंगात होता, त्याच्या हातात सुरा नव्हता. त्यांना कोणी जा म्हणून ढकललं नव्हतं. त्या स्वतः गेल्या, आणि त्या बहिणीच्या बाजूने गेल्या, तिच्या कामाला विसरून नाही. माझ्याकडून मागितली गेलेली क्षमा यातली एकही अट पुरी करत नव्हती.

माळव्यातला मराठी

ताई, अगदी बरोबर. मी याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

पाणवठा

@रानजाई, तुम्ही जे लिहिलंत त्याने माझ्या मूळ लेखात भर पडली. प्रेम आधी, हे देवाबद्दल खरं आहे. माणसाने माणसाकडून ते वसूल करायची गोष्ट नाही. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या बाईला आणतात तेव्हा पुरुष कुठेच नाही, नियमशास्त्राने मात्र दोघांनाही दोषी धरलं होतं. येशू आधी दगडं खाली टाकायला लावतो. तिच्याशी बोलतो तो सगळे निघून गेल्यावर. आधी तिचा जीव वाचला, बाकीचं नंतर.

तर्कशुद्ध

चर्चा चांगली चाललीय, पण एक विषय टाळला जातोय. दुष्काळातल्या उपाशी मुली रमाबाईंनी आणल्या आणि त्या ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या पोरीकडे निवड कुठे होती? बिनशर्त प्रेमाच्या गप्पा आणि त्याच्या शेजारी बाप्तिस्मा, हे कसं बसवणार?

पाणवठा

@तर्कशुद्ध, टाळलेलं नाही, विचारलंत ते बरं झालं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य हिंदुस्थानातून सुमारे तीनशे मुली आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. स्वतःचे आईवडील भुकेने गेलेले पाहिलेल्या बाईने हे केलं, आणि त्या मुली जगल्या, विणकाम, छपाई, शेतीकाम शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते अल्पशिक्षित बायकांनाही वाचता यावं म्हणून. छपाईचं काम मुक्तीतल्याच मुलींनी केलं. हे कोणी पुसू शकत नाही.

शारदासदनाची गोष्ट वेगळी. तिथे धर्माबाबत तटस्थ राहू असा शब्द होता, आणि मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून वाद झाला. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तरी तुमचा प्रश्न उरतोच. ताटात वाढणाऱ्याचा देव हाच माझा देव, असं लहान मुलीला वाटणं स्वाभाविक आहे, आणि त्याला मोकळी निवड म्हणताना मी अडखळते. माझ्याच पणजीची गोष्ट अशा एका मिशनच्या अनाथालयातून सुरू होते. तिने पुढे आयुष्यभर प्रभूवर जीव लावला, तो तिचा स्वतःचा होता असं घरचे सांगतात. पण पहिल्या दिवशी तिला विचारलं नव्हतं, हेही खरं.

रमाबाई स्वतःबद्दल एक गोष्ट लिहितात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. म्हणजे बाप्तिस्म्याने सगळं झालं असं त्या स्वतःही मानत नव्हत्या. मिशनच्या कामाला मी योहानाच्या चौथ्या अध्यायाचंच माप लावते. विहिरीवर त्या बाईला आधी कुठली अट घातली नव्हती, आणि ती गावात पळाली ती स्वतःच्या पायांनी. जिथे जिथे भाकरीला अट जोडली गेली तिथे आमच्या लोकांनी त्या विहिरीपाशी चूक केली. हे मी चर्चमध्येही बोलते, इथेही बोलते.

तर्कशुद्ध

इतकं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. धन्यवाद. मतभेद आहेत, पण चर्चा करता येते.

चंद्रभागा

ताई, केडगावला अजून काम चालू आहे का? दौंडला नात्यात लग्नाला जायचंय, जमलं तर जाऊन येईन म्हणतो.

पाणवठा

हो काका, चालू आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन आहे. आत राहणाऱ्या मुली-बायका आहेत, तेव्हा आधी विचारून मगच जा. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला तिथेच वारल्या. मनोरमाबाई त्यांच्या आधीच्या वर्षी गेल्या.

रानजाई

@पाणवठा, मत्तय अठरामधल्या त्या ओळी नेमक्या कुठून कुठे? रविवारी उपासनेनंतर बायकांची सभा असते. माझ्यासारख्या अजून दोघी आहेत तिथे. आम्ही मिळून वाचणार आहोत, आणि मग पाळकांसमोरही वाचणार आहोत. मी सध्या बहिणीकडे राहते आहे.

पाणवठा

पंधरा ते सतरा. आणि त्याच्या वरच्या बारा ते चौदा पण वाचा, शंभरांतलं एक मेंढरू शोधायला निघालेल्या माणसाच्या. बहिणीकडे आहात हे वाचून फार बरं वाटलं. सभा झाली की इथे लिहा, नाही जमलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.